केसांना काय लावता?

कालिंदीबद्दल आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळात दोन मतं आहेत. एक, तिने वृंदाचे केस वाचवले. दुसरं, तिने वृंदाचे केस जाळले. ही दोन मतं बाळगणाऱ्या बायका हळदीकुंकवाला शेजारी शेजारी बसतात, एकाच ताटलीतल्या करंज्या खातात, आणि दोघींनाही धड काही ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे. मी कालिंदीच्या भिंतीपलीकडे राहते. शाळेत फार गेले नाही, पण भिंतीपलीकडचं ऐकायला शाळा लागत नाही.

बालीगंजात आमची तीन मजली इमारत. गच्चीवर दोन खोल्या. एक माझी, एक कालिंदी आणि मनोहररावांची. इमारतीला जिने दोन. पुढचा लाल सिमेंटचा, भाडेकऱ्यांसाठी. मागचा लोखंडी, गोल गोल वळत वर येणारा, झाडूवाल्यासाठी. कालिंदीकडे येणाऱ्या बायका या मागच्या जिन्याने यायच्या. वकिलांच्या बायका, डॉक्टरांच्या बायका, डोक्यावरून पदर ओढून, पायऱ्या वाजू नयेत म्हणून चपला हातात घेऊन. पांढरे केस काळे करून घ्यायचे आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असले की मला पाहून दचकायच्या. मी म्हणायची, "या हो, मी काही तुमच्या नवऱ्यांना सांगत नाही."

मनोहररावांचं एक अंग अर्धांगवायूने गेलं तेव्हा कालिंदी चौरंगीवरच्या एका साहेबी सलूनमध्ये कामाला लागली. लढाईच्या काळातली गोष्ट. आधी कापलेले केस झाडायचे, मग मडमांची डोकी धुवायची, मग रंग कालवायचा. आमच्या मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "चांगल्या घरातली बाई, आणि लोकांची डोकी चोळते." त्या रविवारी मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. छापणाऱ्याला संकोच वाटेल. नवरा अंथरुणाला खिळल्यावर पुरणपोळ्या लाटून घर चालवणारी बाई सोज्वळ आणि डोकी धुऊन चालवणारी हलकी, हा हिशेब मला कधी कळला नाही.

त्या सलूनमध्ये एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई होती. तिने कालिंदीला सगळं शिकवलं, आणि सगळ्याच्या आधी एक प्रश्न शिकवला. केसाला हात लावण्यापूर्वी विचारायचं, केसांना काय लावता? मडमा पांढरे केस लपवायला गुपचूप कसल्या कसल्या बाटल्या वापरायच्या, त्यांत धातूचे क्षार असायचे. तसल्या केसांवर रंग उतरवायचं पेरॉक्साइड घातलं की केस तापतात आणि तुटतात. मडमा खोटं बोलायच्या. म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं.

स्वातंत्र्यानंतर मडमा बोटीत बसून गेल्या आणि सलून बंद पडलं. कालिंदी घरी आली ती चिनी मातीचा वाडगा, ब्रश आणि तो प्रश्न घेऊन. गच्चीवर बंगाली बाई आली की आधी तिला स्टुलावर बसवायची आणि तेच बंगालीत विचारायची, "चुले की माखेन?" बाई म्हणायची, नारळाचं तेल. "आर की?" म्हणजे आणखी काय. मग बाई आणखी काही सांगायची. "आर की?" शेवटी बाई वैतागायची. तेव्हा कुठे कालिंदी वाडगा हातात घ्यायची.

पण तिची खरी कमाई रंगवण्यात नव्हती, रंगवून बिघडलेले केस दुरुस्त करण्यात होती. बाजारातला कलप लावून केसांची केरसुणी झालेल्या बायका तिच्याकडे रडत यायच्या. ती एक केस उपटायची, पाण्यात भिजवायची आणि दोन बोटांत ताणायची. ताणून परत आखडला तर म्हणायची, होईल नीट. चिकासारखा लांबत गेला आणि तुटला तर म्हणायची, एवढा कापावा लागेल. धुवायला पावसाचं पाणी, पिंपात साठवलेलं. ट्यूबवेलचं पाणी ती केसांजवळ येऊ द्यायची नाही. त्यात लोखंड असतं, बादलीला लाल डाग पडतात ते बघ, म्हणायची. जास्वंदीची पानं कुस्करून त्यांचा बुळबुळीत रस लावायचा, जवस उकळून त्याचा चिकट काढा लावायचा, कोमट नाही, गारच. आणि फणी नाही, बोटांनी गुंता सोडवायचा, खालून वर.

"केस मेलेलाच असतो, कमल," ती मला म्हणायची. "दुखलं तरी ओरडत नाही. म्हणून आपलं लक्ष पाहिजे."

मी म्हणायची, "तुझ्या मेलेल्यांना सांभाळ. मला जिवंतांची पुष्कळ कामं आहेत." आणि मी मोर्चाला जायची.

आता प्रेमलताचं सांगते. पहिल्या मजल्यावर राहायची. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून बदलून आलेले. एकुलती मुलगी वृंदा. वृंदा पंधराची असतानाच तिच्या कानाजवळ चारदोन केस पांढरे दिसू लागले. प्रेमलता पुढच्याच जिन्याने वर आली, कारण आम्ही आपल्याच माणसांपैकी. कालिंदीने तिला रंग दिला नाही. एवढ्या लहान पोरीला रंग कसला? तिने आपल्या आजीचा उपाय सांगितला. लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घाल, पाणी शाईसारखं काळं झालं की त्याने न्हाऊ घाल, दर आठवड्याला, न चुकता. प्रेमलताने खरंच चुकवलं नाही. देवघरातल्या समईइतकी ती कढई जपली. वृंदाची वेणी कमरेखाली गेली, आणि काळी अशी की उन्हात निळी दिसायची.

ट्रामच्या भाडेवाढीविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, त्याच्या पुढच्या वर्षीचा गणेशोत्सव. मंडळाचं नाटक बसवत होते बँकेतले दिनकरराव. विलायतेहून मडम बायको घेऊन आलेल्या मुलाचा फार्स. मडमेचं काम वृंदाकडे. आदल्या वर्षी चितपूरहून भाड्याने आणलेला टोप भर रंगमंचावर गळून पडला होता आणि लोक जिथे रडायचं तिथे हसले होते. दिनकररावांनी तो घाव उराशी धरला होता. ते गच्चीवर आले आणि म्हणाले, "कालिंदीबाई, टोप नको. खऱ्या केसांना थोडी सोनेरी झाक आणा. चौरंगीचा हात आहे तुमचा."

कालिंदी लाजली. मी तिला इतक्या वर्षांत लाजताना पाहिलं नव्हतं. ज्या कामाबद्दल मंडळाने नाकं मुरडली, तेच काम मंडळ मागायला आलं होतं, तेही पुढच्या जिन्याने. प्रेमलता आढेवेढे घेत होती. कालिंदीनेच तिला समजावलं, "नाटक झालं की मी परत काळे करून देते. माझ्यावर सोड."

शनिवारी दुपारी वृंदाला गच्चीवर स्टुलावर बसवलं. प्रेमलता चटईवर वाती वळत होती. मीही होते. कालिंदीने पेरॉक्साइड आणि अमोनिया वाडग्यात कालवलं आणि ब्रशने लावायला सुरुवात केली. विचारलं नाही. बंगाली बायकांना, मारवाडी बायकांना, मडमांना इतकी वर्षं छळलं त्या प्रश्नाने, आणि वृंदाला विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता धुऊ या." वृंदा आरशात बघून म्हणाली, "मावशी, अजून तांबूसच आहेत. थोडं राहू द्या ना." आणि स्टूल उन्हात सरकवून बसली. कालिंदीने राहू दिलं. मग तिने सहज केसांना हात लावला आणि हात मागे घेतला. केस गरम होते. उन्हाने तापतात तसे नाही, चहाच्या कपासारखे. खदखदल्यागत बारीक बुडबुडे येत होते आणि कडवट वास सुटला होता. तिने अख्खी बादली वृंदाच्या डोक्यावर ओतली, मग दुसरी. पाणी मोरीकडे वाहत गेलं आणि त्यातून वृंदाची अर्धी वेणी वाहत गेली.

प्रेमलता वाती टाकून उठली. "काय केलंस गं हे?"

हे तिने कालिंदीला विचारलं नाही. मुलीला विचारलं. आणि ती भिजलेली पोर म्हणाली, "मीच म्हटलं, अजून थोडं राहू दे. मीच उन्हात बसले."

कालिंदीने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. मग तिने ते मिटलं आणि ती जमिनीवरचे केस गोळा करायला खाली वाकली.

वृंदाने नाटकात काम केलं, डोक्यावर साहेबी हॅट घालून. हॅट आधी कुणाला सुचली नाही. मडमा हॅट घालतात हे दिनकररावांना माहीत नव्हतं असंही नाही.

त्यानंतर वृंदा दर दिवसाआड गच्चीवर येऊ लागली. डाव्या बाजूचे केस कानाशी तुटलेले, बाकीचे तागासारखे. कालिंदीने तिच्यासाठी जे केलं ते मी माणसाला देवासाठी करतानाही पाहिलं नाही. एकेक बट वेगळी धरून जवसाचा काढा लावायची. पाऊस संपला होता तरी पिंपातलं पाणी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. नवऱ्याच्या डोक्यावरसुद्धा नळाचं पाणी. मनोहरराव म्हणायचे, "कमलताई, या घरात आता गंगाजल फक्त वृंदाला." मेलेली टोकं ती तांदळाएवढी कापायची, दर वेळी थोडीशी, म्हणजे पोरीला कळू नये किती गेलं ते. पैसे घेतले नाहीत. मंडळात तिचं कौतुक सुरू झालं. ज्या बाईंना मी रविवारी ऐकवलं होतं त्याही म्हणाल्या, "कालिंदी म्हणजे देवमाणूस."

प्रेमलता वर काही ना काही पाठवायची. कधी अनारसे, कधी खणाचं कापड. अनारसे कालिंदीच्या जाळीच्या कपाटात मऊ पडले. मी एक उचलला तर म्हणाली, "खा तू. सगळे ने." मला वाटलं, नवऱ्याच्या पथ्यामुळे असेल. मला काय ठाऊक.

आणि खालून, उघड्या खिडकीतून, प्रेमलताचा आवाज रोज वर यायचा. "नटायची हौस कुणाला होती? तुलाच. ती बिचारी सांगत होती धुऊ या म्हणून. ऐकलंस?" वृंदाचं उत्तर कधी ऐकू यायचं नाही. ती कॉलेजात जायची बंद झाली होती. आवाज आला की कालिंदी पिंपावर झाकण आपटायची, भांडी घासायला घ्यायची, काहीही करायची. एकदा मी म्हटलं, "जाऊन सांग ना त्या बाईला, पुरे आता म्हणून." ती म्हणाली, "मी कोण सांगणारी?" मला प्रेमलताचा राग आला होता. माझा राग चुकीच्या बाईवर होता असंही नाही, पण अर्धाच होता.

दिवाळीनंतर प्रेमलता वर आली ती हातात बाटली घेऊन. पुठ्ठ्याच्या पेटीत दोन बाटल्या, विलायती कलप. नागपूरहून लोक वृंदाला बघायला येणार होते. त्यांच्यातली एक आत्या वेणी सोडून बघते म्हणे. मी तिथेच विचारलं, "मुलगी बघतायत की म्हैस?" प्रेमलताने माझ्याकडे पाठ केली. ती कालिंदीला म्हणाली, "ही तांबडी टोकं काळी करून दे. उद्या रविवार आहे."

कालिंदीने पेटी उलटी करून बघितली. दुसऱ्या बाटलीत काय असतं ते तिला वाचायची गरज नव्हती. कलपाचा रंग चढायला पेरॉक्साइडच लागतं.

"याने नको," ती म्हणाली. "मी मेंदी आणि निळीच्या पाल्याने करते. हळूहळू होईल."

"हळूहळू करायला वेळ कुठे आहे?"

"माझ्या हाताला फोड आलेत, प्रेमलता."

"मग राहू दे. तू आधीच किती केलंस. मी करीन घरी, कागदावर लिहिलंय सगळं." आणि जाता जाता म्हणाली, "न्हाणं तर मी चालूच ठेवलंय. तुझ्या त्या कढईमुळेच नवे केस इतके काळे येतायत."

ती गेल्यावर कालिंदी उंबऱ्यात बसली. तिचे हात मी पाहिले. फोड एकही नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

तेव्हा तिने मला सांगितलं. मडमांच्या बाटल्यांत धातू असायचा, तसंच हे कढईतलं लोखंड, आवळ्याच्या पाण्यातून दर आठवड्याला केसांत मुरलेलं. कढई तिने सांगितली. पेरॉक्साइड तिने लावलं. प्रश्न तिने विचारला नाही. उन्हाचा, थोडा वेळ राहू देण्याचा काही संबंध नव्हता. लगेच धुतलं असतं तरी केस गेलेच असते. हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, हात भाजला तेव्हा.

"आणि ती पोर बोलणी खात होती," मी म्हटलं.

"हो."

"आणि तू अनारसे घेत होतीस."

"खाल्ला नाही एकही."

"मोठा उपकार केलास. आत्ताच्या आत्ता खाली जा. उद्या ती बाई पोरीचं उरलेलं डोकं भाजेल."

"कमल, मनोहर आहेत. मला दुसरं काही येत नाही. कळलं तर कोण येईल माझ्याकडे?"

आतून मनोहररावांचा आवाज आला. जीभ जड होती, पण प्रत्येक शब्द कळला. "माझं नाव पुढे करू नकोस, कालिंदी. मी पेजेवर राहीन."

ती रविवारी सकाळी गेली. रात्रभर तिने काय केलं ते मी लिहीत नाही, मी झोपले होते. सकाळी ती लोखंडी जिन्याकडे वळली, सवयीने. मग थांबली आणि पुढच्या जिन्याने उतरली. मी मागोमाग. ती वाटेतून परतली असती तर मी तिला दंडाला धरून नेणार होते.

प्रेमलताने वृंदाला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं होतं. बशीत दोन्ही बाटल्यांतलं मिश्रण कालवलेलं. मोरीपाशी ती कढई, काळ्या पाण्याने भरलेली.

"आलीस? बरं झालं. हात बरा आहे का?"

"माझा हात बरा होता," कालिंदी म्हणाली. "वृंदाची गुंतवळ दे मला."

प्रेमलता विंचरलेल्या केसांची गुंतवळ डब्यात ठेवायची. पुढच्या गल्लीत केस घेऊन सुया देणारी बाई यायची तिच्यासाठी. तिने गोंधळून डबा दिला. कालिंदीने त्यातला एक गोळा उचलला, दुसऱ्या बाटलीत उरलेलं पेरॉक्साइड कपात ओतलं, गोळा त्यात बुडवला आणि कप प्रेमलताच्या तळहातावर ठेवला.

"धरून ठेव."

पहिल्यांदा काही झालं नाही. मग गोळ्याभोवती बुडबुडे आले. प्रेमलताने कप दुसऱ्या हातात घेतला. मग पुन्हा पहिल्या हातात. मग ओट्यावर ठेवला. कालिंदीने बोटाने गोळा उचलला आणि जरासा ओढला. तो तुटून पुन्हा कपात पडला.

"कढईचं लोखंड आहे त्यात," ती म्हणाली. "कढई मी सांगितली होती. मी विचारायला हवं होतं. मी सगळ्यांना विचारते, वृंदाला विचारलं नाही. उन्हाने झालं नाही. थोडा वेळ ठेवल्याने झालं नाही. मी केलं."

मला वाटलं प्रेमलता ओरडेल. मी तयार होते. पण ती फार हळू बोलली, आणि ते ऐकताना माझ्यासारख्या बाईलाही मान खाली घालावीशी वाटली.

"मी माझ्या मुलीला इतके दिवस बोलत होते. खिडकी उघडी होती. तू ऐकत होतीस."

"हो."

"रोज ऐकत होतीस."

"रोज."

"जा इथून."

कालिंदी वळली. तेव्हा पाटावरून वृंदा म्हणाली, "मावशी, पुन्हा सांगा."

"काय?"

"ते, थोडा वेळ ठेवल्याने झालं नाही, ते."

कालिंदी तिच्यासमोर खाली बसली. "थोडा वेळ ठेवल्याने झालं नाही. उन्हात बसल्याने झालं नाही. तू काहीही केलं नव्हतंस."

"पुन्हा सांगा," वृंदा म्हणाली. कालिंदीने पुन्हा सांगितलं. पोर रडली नाही. तिने डोक्यावरचा रुमाल काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. मग आईला म्हणाली, "ती बशी ओतून टाक."

नागपूरची माणसं आली. आत्याने केस सोडायला सांगितले. वृंदाने सोडले, डावी बाजू कानाशी, उजवी खांद्याखाली, आणि काय झालं ते सगळं सांगितलं, कालिंदीचं नाव वगळून. ते लोक चहा पिऊन गेले आणि नंतर काही कळवलं नाही. मला आनंद झाला. प्रेमलताला झाला नाही, आणि तिचा दोष मी काढत नाही. वृंदा पुढच्या आठवड्यापासून कॉलेजात जाऊ लागली, दोन्हीकडचे केस सारखे कापून. कापले कालिंदीनेच. वृंदा स्वतः वर आली होती, आईला न विचारता.

बातमी मात्र फुटली. कुणी फोडली ते मला माहीत आहे आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. लोखंडी जिना बरेच दिवस वाजला नाही. मनोहररावांनी खरंच पेजेवर दिवस काढले. प्रेमलता अजून वर येत नाही. जिन्यात भेटली तर कालिंदी भिंतीला लागून उभी राहते आणि तिला आधी जाऊ देते. प्रेमलता जाते. मी कालिंदीला म्हणते, "सांगितलंस ना एकदा? आता किती वाकशील?" ती म्हणते, "सांगितलं ते पेटी आली म्हणून. पेटी आली नसती तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही." मी मोर्चात घोषणा देते, पण या वाक्याला घोषणा चालत नाही.

हळूहळू बंगाली बायका परत आल्या. त्यांना आमच्या मंडळाच्या गप्पांशी काय देणंघेणं.

परवा माझंच डोकं फार दुखत होतं. कालिंदी तेलाची वाटी घेऊन आली आणि मला खाली बसवून मागे उभी राहिली. तेल डोक्यावर पडेना. मी म्हटलं, "काय झालं?"

"केसांना काय लावतेस?"

"भिंतीपलीकडे राहतेस. कपडे धुवायचा साबण लावते, तुला ठाऊक आहे."

"तरी सांग."

"साबण."

"आणि?"

"आणि काही नाही. घाल आता तेल."

"आणि काही नाही ना?" तिने पुन्हा विचारलं. तिचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि मी उत्तर देईपर्यंत तो हलला नाही.